सदतीस व्हेंटिलेटर

अडतीस वह्यांपैकी सदतीस वह्यांत व्हेंटिलेटर निघाला. यंत्र एकच, रुग्ण दोन, एक तरुण, एक वृद्ध, दोघेही मरणोन्मुख. यंत्र कोणास लावावे, हा पेच. बहुतेकींनी ते तरुणास लावले होते. सात जणींनी वृद्धास लावले, कारण हा वृद्ध निवृत्त शिक्षक असल्याचा तपशील त्यांनी मध्येच घुसवला होता. माझ्या प्रसन्नतेसाठी दाखवलेला हा नैवेद्य पाहून मी चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून बसलो.

मी दिलेला प्रश्न असा होता: ‘वॉर्डात काम करताना तुमच्यासमोर प्रत्यक्ष उभा राहिलेला एक नैतिक पेच लिहा.’ ‘प्रत्यक्ष’ या शब्दाखाली फळ्यावर दोन रेघा ओढल्या होत्या. आमच्या महाविद्यालयाच्या इस्पितळात व्हेंटिलेटर एकच आहे. तो तळमजल्यावरील एका खोलीत निळ्या कापडाखाली झाकून ठेवलेला असतो, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना त्या खोलीत पाऊल ठेवण्याची मुभा नाही. तरीही सदतीस जणांसमोर तो प्रत्यक्ष उभा राहिला होता.

या वर्गात मी आलो कसा, हे सांगितले पाहिजे. वाशीमच्या एका शाळेत मी चौतीस वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्त झालो. या नर्सिंग महाविद्यालयाचे संचालक धरमसिंग हे माझे जुने विद्यार्थी. एके दिवशी ते पेढे घेऊन घरी आले आणि म्हणाले, “गुरुजी, दुसऱ्या वर्षाला एथिक्स शिकवायला माणूस मिळत नाही. नीतिशास्त्र म्हणजे शेवटी संस्कृतच ना?” संस्कृतात त्यांना बत्तीस गुण मिळाले होते, हे मला त्याच वेळी आठवायला हवे होते. परंतु विद्यादानाला नाही म्हणू नये असा आमच्या घरचा संस्कार. मी होकार दिला.

तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस मी या वर्गासमोर उभा राहतो. रुग्णाचा स्वनिर्णय, हित, अहितवर्जन आणि न्याय ही चार तत्त्वे वर्ग एका सुरात म्हणून दाखवतो. बे एके बे म्हणावे तशी. त्यानंतर कोणीतरी हात वर करते. मला वाटते, शंका असेल. शंका एकच असते: “सर, हे किती मार्काले येते?”

अडतिसावी वही वर्षाराणीची होती. वर्षाराणी रिठदची, पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याची थोरली मुलगी. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसते, बोलत नाही. तिने अर्धेच पान लिहिले होते. ते असे:

‘सात नंबरच्या खाटेवर अंगुरीबाई आजी आहेत. रिसोडच्या. बीपीसाठी भरती आहेत. आजी जैन आहेत, सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांची एक गोळी रात्री आठला आहे. आठ वाजता माझी ड्युटी संपते, म्हणून गोळी मी देते. आजी म्हणाल्या, ठेवून जा, सकाळी घेते. मी ठेवली. चार्टवर दिली असं लिहिलं आणि सही केली. सकाळी माझा क्लास असतो. आजीने घेतली की नाही ते मला माहीत नाही. हे खोटं झालं का?’

बुधवारी सायंकाळी घरी चहा घेत मी हे वाचले. सदतीस व्हेंटिलेटरांनी माझे मस्तक तापलेले होते. मी लाल शाईने लिहिले: ‘तत्त्वाचे नाव नाही. दोन बाजू मांडलेल्या नाहीत. निष्कर्ष नाही. दहापैकी चार.’ व्हेंटिलेटरवाल्यांना मी पाच-पाच गुण दिले होते. त्यांच्याकडे निदान निष्कर्ष होता.

शुक्रवारी बारा वाजता वर्ग भरला. उत्तर कसे लिहू नये याचा नमुना म्हणून मी वर्षाराणीची वही उचलली आणि तिचे नाव न घेता ते अर्धे पान मोठ्याने वाचले.

वर्गात चार मुलगे आहेत. त्यांपैकी लखन नावाचा मागच्या बाकावर भिंतीला पाठ टेकून बसतो. तो म्हणाला, “सर, याच्यात तं कोणी मरूनच नाही राह्यलं. मंग पेच कायचा?”

वर्ग हसला. मी हात वर करून शांत केला. “लखन, तू अभावितपणे योग्य बोललास. येथे प्रसंग आहे, विचार नाही. चार तत्त्वांपैकी कोणत्या दोहोंत संघर्ष आहे, हे लिहिणाऱ्याला सांगता आलेले नाही.”

“ते ठीक हाये सर,” लखनने पाठ भिंतीवरून काढली. “पन त्या आजीनं सकाळी गोळी घेतली का नाही मंग?”

“तो प्रश्न येथे अप्रस्तुत आहे.”

हे माझे शब्द आहेत. मी ते लपवीत नाही. चौतीस वर्षे मुलांना नीतिवचने पाठ करायला लावणाऱ्या माणसाचे हे शब्द आहेत.

तिसऱ्या बाकावरून वर्षाराणी उठली. ओढणीचे टोक तिने बोटाभोवती इतके घट्ट गुंडाळले होते की बोट पांढरे पडले होते.

“घेतली नसन, सर. बीपी उतरूनच नाही राह्यलं. काल डॉक्टरसाहेबानं गोळी दुप्पट पॉवरची केली. अन् आज आजीले सुट्टी हाये. दोन वाजता रिसोडवरून गाडी येऊन राह्यली.”

मला क्षणभर उमगेना. “कोणाला सुट्टी?”

“आजीले, सर. अंगुरीबाईले.”

“म्हणजे ही आजी… आहे?”

“हाये ना, सर. वरच हाये. सात नंबरवर.”

सत्य सांगायचे तर माझ्या लेखी ती आजीही व्हेंटिलेटरच्या शेजारी निजलेल्या त्या वृद्धासारखीच कागदी होती. खोट्या सदतीस प्रकरणांत खरे एक ओळखता येऊ नये, इतका मी विटून गेलो होतो. आणि विटलेला माणूस दुसऱ्यावरच ओरडतो, तसा मी ओरडलो. “अगं, मग इतके दिवस तू कोणाला सांगितले का नाहीस?”

“सांगतलं ना, सर.” तिचा आवाज चढला नाही. “तुमालेच सांगतलं. मंगळवारी वही देल्ली.”

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती. मी नकळत फळ्याकडे वळलो, खडू उचलला आणि त्या प्रसंगात कोणते तत्त्व कोणत्या तत्त्वाशी भिडते ते लिहू लागलो. सवय ही अशी निर्लज्ज असते. ‘स्वनिर्णय’ हा शब्द अर्धा लिहून झाल्यावर मी खडू ठेवला आणि म्हणालो, “चल.”

जिना चढताना गुडघे दुखतात म्हणून मी मध्ये थांबलो. वर्षाराणी एक पायरी खाली थांबली. मी म्हणालो, “हे बघ, मी बोलतो. एका विद्यार्थिनीकडून असे घडले आहे, एवढेच सांगतो. तुझे नाव घेत नाही.”

“नाव चार्टवर हाये, सर. सोमवार ते गुरुवार. चार सह्या हायेत.”

वॉर्डच्या प्रमुख परिचारिका ललिताबाई सुट्टीची कागदपत्रे लावीत होत्या. वीस वर्षे पायांवर उभे राहून काम केलेली ही बाई. तिच्या हाताला विसावा नाही आणि जिभेलाही नाही. सात क्रमांकाच्या खाटेवर अंगुरीबाई पाय खाली सोडून बसल्या होत्या. पांढरे सुती लुगडे, डोक्यावरून पदर, हातात जपमाळ. त्यांचे चिरंजीव जिनदास, रिसोडचे कापडाचे व्यापारी, पिशवीत तांब्या-पेला भरीत होते.

“काय गं, क्लास सोडून इकडं कशी?” ललिताबाईंनी विचारले. मला पाहून त्यांनी नमस्कार केला. तोही कागद हातात ठेवूनच.

मी घसा साफ केला. माझे प्रास्ताविक नेहमी लांबते. ते सुरू होण्यापूर्वीच वर्षाराणी बोलली.

“मॅडम, आठची गोळी आजीनं माह्यासमोर एकही दिवस घेतली नाही. मी चारही दिवस ‘दिली’ लिवलं.”

“म्हणजे खोटं लिहिलंस?”

“हो.”

“अगं, का पण? विचारायला तोंड नव्हतं तुला?”

“विचारलं होतं, मॅडम. सोमवारी. आजी रात्री घेत नाही, काय करू म्हणून. तुमी म्हटलं, चार्टवर आठ हाये तं आठ. तू डॉक्टर लागून गेली काय?”

ललिताबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, “म्हटलं असेल, बाई. दिवसातून पन्नास वेळा म्हणते मी ते.”

“तिले काहून बोलता?” अंगुरीबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवली. उशीखालून त्यांनी लवंगांची चपटी डबी काढली आणि झाकण उघडले. लवंगांच्या शेजारी चार गोळ्या होत्या. तीन पांढऱ्या, एक गुलाबी. गुलाबी ती कालची, दुप्पट ताकदीची.

“माय!” जिनदासांच्या हातातला पेला पिशवीत आपटला. “सकाळी घेते म्हणत होती ना तू?”

“घेणारच होती. पन सकाळी आधीच दोन गोळ्या देतेत. त्याच्यात ही तिसरी टाकू का नको, हे कोणाले तरी इचारा लागन ना? इथं जो येते तो त्या कागदाकडं पाह्यते अन् चाल्ला जाते. मले कोणी इचारलंच नाही, बाई, गोळी घेतली का म्हणून. इचारलं असतं तं मी खोटं बोलली असती काय? माह्यं व्रत हाये.”

सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेण्याचे व्रत त्या माउलीने बावन्न वर्षे पाळले होते, हे जिनदासांनी मागाहून सांगितले. व्रताचे माहात्म्य मी आयुष्यभर शिकवले; व्रत करणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न विचारावा, हे मात्र मलाही सुचले नव्हते. मीही कागदच पाहिला होता आणि कागदाला गुण दिले होते.

ललिताबाईंनी बोलावल्यावरून वॉर्डाचे डॉक्टर आले. वयाने तरुण, बोलणे थोडके. त्यांनी चार्ट पाहिला, डबी पाहिली, आणि स्टुलावर बसले.

“म्हणजे चार दिवस ही गोळी पोटात गेलीच नाही,” ते म्हणाले. “आणि मी समजतोय की गोळी पुरत नाही. आज घरी रोज गुलाबी सुरू झाली असती. पहाटे उठताना चक्कर येऊन न्हाणीत पडल्या असत्या.”

जिनदास खाटेच्या कडेला टेकले.

“आजी, ही गोळी संध्याकाळी पाचला दिली तर घ्याल?”

“पाचले सूर्य असते ना. घेईन. कायले नाही घेईन?”

डॉक्टरांनी चार्टवरचा आठ खोडला आणि पाच लिहिला. पांढरी गोळी कायम केली, गुलाबी रद्द केली, सुट्टी सोमवारपर्यंत पुढे ढकलली. सारे मिळून दोन मिनिटेही लागली नाहीत. एक अंक खोडून दुसरा लिहायचा होता! त्यासाठी चार खोट्या सह्या, सदतीस व्हेंटिलेटर आणि माझी लाल शाई खर्ची पडली. संतापावे कोणावर, हे कळेना, म्हणून मी खिडकीबाहेर उभ्या असलेल्या ऑटोरिक्षांवर संतापून घेतले.

वर्षाराणी डबीतील गोळ्या एका कागदावर मोजून ललिताबाईंच्या हाती देत होती.

तीन वाजता संचालकांनी आम्हा दोघांना बोलावले. धरमसिंगांनी तिला बाहेर बाकावर बसवले आणि मला आत घेऊन दार लोटले.

“गुरुजी, पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन आहे. फाइलीत ‘खोटी नोंद’ हा शब्द आला तर मी मेलो. आणि पोरीचंही नुकसान आहे. खोटी नोंद म्हटली की नियमाप्रमाणे तिचे वॉर्डाचे सहा आठवडे बाद. ते पुन्हा करेपर्यंत परीक्षा निघून जाते. सहा महिने मागं पडेल. ‘नजरचूक’ म्हटलं तर ताकीद देऊन सोडता येतं. तुमची भाषा चांगली. तुम्हीच मसुदा करून द्या, ती खाली सही करेल.”

मला हे पटले, हे मी मान्य करतो. मुलीचे सहा महिने वाचत होते. महिना-दीड महिन्यापूर्वी पुंजाजी मला बसस्थानकावर भेटले होते. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत पोरगी नर्स होऊन नोकरीला लागते, असे त्यांनी न विचारताच तीनदा सांगितले होते. मी लेखणी काढली आणि लिहिले: ‘रुग्णाच्या धार्मिक आचाराविषयीच्या आदरभावामुळे तसेच कार्यबाहुल्यामुळे उपरोक्त नोंदींमध्ये माझ्याकडून अनवधानाने विसंगती राहिली.’ वाक्य दोनदा वाचले. त्यात काढण्याजोगे एक अक्षर नव्हते. किती दिवसांनी मनासारखे काही लिहून झाले होते!

बाहेर जाऊन मी कागद वर्षाराणीच्या हाती दिला. तिने बोट फिरवीत तो वाचला.

“लई चांगलं लिवलं, सर. पन अनवधान म्हंजे?”

“लक्ष नसणे.”

“माह्यं लक्ष होतं ना, सर. सही करतानी मले माहीत होतं, हे खोटं हाये.”

“वर्षाराणी, ही कार्यालयीन भाषा असते. तिचा इतका कीस काढू नये.”

ती पुन्हा वाचू लागली. बोट पहिल्या शब्दांवर गेले आणि तिथेच थांबले. “अन् हे पाहा. हे तं सारं आजीच्या व्रतावर ढकललं, सर. आजीनं काय केलं? तिनं तं पयल्याच दिवशी सांगतलं, मी घेत नाही म्हणून. लबाडी म्या केली अन् कागदावर नाव तिच्या धर्माचं येते.”

मी कागद परत घेतला आणि पाहिला. ती म्हणत होती ते शब्दशः खरे होते. दोष त्या वृद्धेच्या पदरात बांधून मी वर आदरभावाची गाठ मारली होती, आणि ती गाठ मला सुंदर वाटली होती.

“सहा महिने जातील,” मी म्हणालो. “वडिलांना काय सांगशील?”

“बाबा बोंबलतीन.” तिने नाक ओढले. “तीन-चार दिवस बोंबलतीन. मंग मायच त्याईले गप करन. मले कोरा कागद द्या, सर.”

तिने तीन ओळी लिहिल्या. सोमवार ते गुरुवार गोळी दिली नसताना दिली असे लिहिले; तसे करणे चूक आहे हे माहीत होते; आजीचा यात दोष नाही. त्यात माझे कोणतेही तत्त्व नव्हते. खाली साक्षीदाराची सही लागत होती. मी सही केली. मग त्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: ‘सदर गोष्ट विद्यार्थिनीने मंगळवारीच लेखी मला कळवली होती. मी ती बुधवारी वाचली, चार गुण दिले आणि कोणालाही सांगितले नाही.’

धरमसिंगांनी ते वाचून डोके दोन्ही हातांत धरले. त्यांची कार्यालयीन भाषा गळून पडली. “गुरुजी, पोरीचं मी समजू शकतो. तुमी कायले घुसले याच्यात? आता इन्स्पेक्शनवाले विचारतीन, हे गुरुजी कोण म्हणून!”

“बत्तीस गुणांच्या विद्यार्थ्याने बोलावून आणलेले, असे सांगा,” मी म्हणालो.

वर्षाराणीचे सहा आठवडे बाद झाले. अंगुरीबाई सोमवारी पांढऱ्या गोळ्या घेऊन रिसोडला गेल्या. जाताना त्यांनी लवंगांची डबी वर्षाराणीच्या हातात ठेवली. आत आता लवंगाच होत्या.

पुढील मंगळवारी मी वर्गाला तोच प्रश्न पुन्हा दिला. ‘प्रत्यक्ष’ या शब्दाखाली या वेळी तीन रेघा ओढल्या. शुक्रवारी सदतीस वह्या आल्या. वर्षाराणी बाद झालेले आठवडे भरून काढायला वॉर्डात होती, म्हणून तिची नव्हती.

पहिली वही उघडली. एक जैन आजी होती, आठ वाजताची गोळी होती. दुसरी उघडली. जैन आजी, आठची गोळी. तिसऱ्या वहीतील आजी कारंज्याची होती, एवढाच फरक. एका मुलीने खबरदारी म्हणून आजीशेजारी व्हेंटिलेटरही ठेवला होता. लखनने सगळ्यांहून लांब उत्तर लिहिले होते आणि शेवटी निष्कर्ष दिला होता: ‘सरांनी आजीची चौकशी आधीच करायला पाहिजे होती. तत्त्व: अहितवर्जन.’

मी वह्यांचा गठ्ठा दोरीने बांधला आणि काखोटीला मारून जिना चढलो. का चढलो, सांगता येत नाही. घरी नेऊन पुन्हा लाल शाई उघडण्याचे धैर्य नव्हते, हे खरे.

पाच वाजत होते. चार क्रमांकाच्या खाटेवर एक धिप्पाड शेतकरी बाबा बसले होते आणि त्यांच्यासमोर वर्षाराणी पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

“गिळली का, बाबा?”

बाबांनी मान हलवली.

“तोंड उघडा. जीभ वर करा. हे काय? गालात ठेवली!”

“ही पोरगी हाये का पोलीस हाये?” बाबांनी माझ्याकडे पाहून तक्रार केली.

वर्षाराणीने मला पाहिले. मग काखेतील गठ्ठा पाहिला. “सगळ्यायनं आजीच लिवली ना, सर?”

“सदतीस आज्या आहेत.”

“किती मार्क देल्ले?”

“अजून कोणालाच नाही. सगळ्यांना पुन्हा लिहायला लावणार आहे.”

“मंग त्या खुर्चीवर बसा, सर. जरा टाइम लागन.” तिने पेला पुन्हा पुढे केला. लेखणी चार्टवर आडवी ठेवलेली होती आणि पाचचा रकाना कोरा होता. “बाबानं अजून गिळली नाही.”